पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी: लिब्रेऑफिसच्या सेफ मोडचे परीक्षण

घरच्या संगणकावरचे लिब्रेऑफिस, म्हणजे पत्रे आणि हिशेब लिहिण्याचा मोफत प्रोग्रॅमसंच, एका सकाळी विचित्र वागू लागले. त्यातला लेखनाचा प्रोग्रॅम रायटर उघडत होता, पण अक्षरे ठळक किंवा तिरपी करण्याची बटणे असलेला टूलबार नाहीसा झाला होता, एक मेनू उघडताच खिडकी पाच-सहा सेकंद थिजत होती आणि छपाईची आज्ञा देताच सगळा प्रोग्रॅम निमूटपणे बंद पडत होता. दूरध्वनीवरून संगणकदुरुस्तीचा सल्ला देणाऱ्या एका सेवेला मी फोन केला, तेव्हा पलीकडच्या गृहस्थांनी माझे वाक्य पुरे होण्याआधीच ‘काढून टाका आणि पुन्हा इन्स्टॉल करा’ असे सांगून टाकले. मी तसे केले. जुना प्रोग्रॅम काढला, काही शे मेगाबाइटची फाइल नव्याने उतरवली, इन्स्टॉलेशन पूर्ण होईपर्यंत हिरव्या पट्टीकडे पाहत बसलो आणि अखेर लिब्रेऑफिस सुरू केले. त्याच्या पहिल्याच पडद्यावर, अलीकडे उघडलेल्या फायलींच्या रांगेत, मी आदल्या दिवशी लिहिलेल्या अर्जाचे छोटे चित्र जसेच्या तसे मांडलेले होते.

त्या चित्रानेच मला त्या गृहस्थांपेक्षा जास्त माहिती दिली. पाच मिनिटांपूर्वी बसवलेल्या प्रोग्रॅमला माझा कालचा अर्ज ठाऊक असेल, तर प्रोग्रॅम काढताना काहीतरी मागे राहिले होते, आणि जे मागे राहिले त्यातच बिघाडही मुक्कामाला असण्याची शक्यता होती. टूलबार अजूनही गायबच होता आणि छपाईची आज्ञा देताच प्रोग्रॅम पूर्वीसारखाच बंद पडला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा तो सगळा खटाटोप झाला. या परीक्षणाचा विषय त्यानंतर मी वापरलेली सेफ मोड ही सोय आहे: तिच्यात लिब्रेऑफिस आपली नेहमीची सेटिंग बाजूला ठेवून सुरू होते. ती लिब्रेऑफिसमध्ये फेब्रुवारी २०१७ मध्ये आलेल्या ५.३ या आवृत्तीपासून अंगभूत आहे, तिला पैसे पडत नाहीत, आणि तरीही वर्षानुवर्षे हा प्रोग्रॅम वापरणाऱ्या कित्येकांनी ती कधी उघडून पाहिलेली नसते.

मागे जे राहते त्याला युजर प्रोफाइल म्हणतात. प्रोग्रॅम स्वतः संगणकाच्या एका जागी असतो आणि त्याला आपण लावलेल्या सवयी दुसऱ्या जागी. विंडोजमध्ये ही दुसरी जागा वापरकर्त्याच्या ‘अ‍ॅपडेटा’ नावाच्या लपवलेल्या फोल्डरात, त्यातल्या ‘रोमिंग’मध्ये, ‘लिब्रेऑफिस’ नावाच्या फोल्डरात असते. लिनक्सवर ती घरफोल्डरातल्या ‘कॉन्फिग’ या लपलेल्या फोल्डरात आणि मॅकवर ‘लायब्ररी’मधल्या ‘अ‍ॅप्लिकेशन सपोर्ट’मध्ये सापडते. तिन्ही ठिकाणी आत ‘४’ नावाचे एक फोल्डर असते आणि त्याच्या आत ‘युजर’. आवृत्त्यांचे आकडे पाच, सहा, सात असे चढत गेले, २०२४ च्या सुरुवातीपासून तर वर्ष आणि महिना दाखवणारी २४.२ सारखी नवी पद्धत आली, पण फोल्डराचे नाव चारवरच थांबले आहे. म्हणजे अनेक वर्षांपूर्वी बसवलेल्या आवृत्तीत केलेले फेरफार आजच्या आवृत्तीच्या अंगावर तसेच चढत येतात. त्या फोल्डरात ‘रजिस्ट्रीमॉडिफिकेशन्स’ नावाची एक फाइल आहे. आपण बदललेले बहुतेक प्रत्येक सेटिंग, अलीकडच्या फायलींची यादीसुद्धा, त्या एका फायलीत ओळीमागून ओळ साठत जाते. ती फाइल बिघडली, किंवा तिच्यात एखादी खोड घालणारी ओळ शिरली, की प्रोग्रॅम कितीही वेळा काढून घातला तरी फरक पडत नाही, कारण अनइन्स्टॉल करताना प्रोफाइलला हात लावला जात नाही. एका परीने हे योग्यच आहे. प्रोग्रॅम काढणाऱ्याने आपला शब्दकोश आणि नमुनापत्रेही सोबत उचलून न्यावीत, असे कोणालाच वाटणार नाही. मात्र ही विभागणी वापरणाऱ्याला कुठेही ठळकपणे सांगितली जात नाही, आणि ‘पुन्हा इन्स्टॉल करा’ हा सल्ला जगभर ज्या आत्मविश्वासाने दिला जातो त्याचे मूळ या मौनात आहे.

सेफ मोडमध्ये जाण्याचे तीन रस्ते आहेत. प्रोग्रॅम उघडत असेल तर ‘हेल्प’ मेनूत सेफ मोडमध्ये पुन्हा सुरू करण्याची आज्ञा आहे. विंडोजच्या स्टार्ट मेनूत त्याचा वेगळा शॉर्टकट असतो. आणि ज्यांना आज्ञा टंकून देण्याची सवय आहे त्यांना प्रोग्रॅमच्या नावापुढे दोन आडव्या रेघा आणि ‘सेफ-मोड’ एवढे शब्द पुरतात. हे रस्ते धरण्याआधी एक गोष्ट पाहून घ्यावी: क्रॅश झालेले लिब्रेऑफिस कधीकधी पडद्यावरून जाते पण स्मृतीतून जात नाही. चालू प्रोग्रॅमांची यादी दाखवणाऱ्या विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘एसऑफिस.बिन’ ही प्रक्रिया चालूच असते, आणि ती चालू असेपर्यंत नव्याने केलेली क्लिक त्या अर्धमेल्या प्रक्रियेकडेच जाते. प्रोग्रॅम ‘उघडतच नाही’ अशी तक्रार असेल, तर आधी ही प्रक्रिया बंद करून पाहावी. कित्येकदा दुखणे तिथेच मिटते आणि पुढचे काही वाचण्याची गरज उरत नाही.

सेफ मोड सुरू होताना लिब्रेऑफिस आपले नेहमीचे प्रोफाइल बाजूला ठेवते, एक तात्पुरते कोरे प्रोफाइल तयार करते आणि ग्राफिक्स कार्डाकडून घेतली जाणारी मदतही थांबवते. मग एक संवादचौकट समोर येते. तिच्यात वरून खाली चार प्रकारचे उपाय मांडलेले आहेत: प्रोफाइलच्या शेवटच्या चांगल्या स्थितीकडे परत जाणे, एक्स्टेन्शन (प्रोग्रॅमला बाहेरून जोडलेल्या जादा सोयी) किंवा हार्डवेअरची मदत फक्त बंद ठेवणे, एक्स्टेन्शन काढून टाकणे, आणि शेवटी सगळे मूळ स्थितीला नेणे. खाली तीन बटणे आहेत. त्यांपैकी काहीही न बदलता सेफ मोडमध्ये पुढे जाण्याचे बटण सर्वांत उपयोगी आहे, आणि ते सर्वांत कमी दाबले जाते असा माझा अंदाज आहे, कारण दुरुस्तीला आलेल्या माणसाला ‘काहीही बदलू नका’ हा पर्याय पटतच नाही. खरे तर निदान तिथेच होते. कोऱ्या प्रोफाइलमध्ये खोड दिसली नाही तर दोष आपल्या प्रोफाइलमध्ये किंवा हार्डवेअरच्या मदतीत आहे. तिथेही दिसली तर दोष त्या विशिष्ट फायलीत, प्रोग्रॅममध्ये किंवा संगणकाच्या इतर भागांत आहे. एका क्लिकने निम्मा प्रदेश तपासातून वगळला जातो आणि या प्रवासात आपल्या सेटिंगला ओरखडाही उठत नाही, कारण सेफ मोडमध्ये केलेले बदल तात्पुरत्या प्रोफाइलसोबत नाहीसे होतात.

माझ्या बाबतीत सेफ मोडमध्ये टूलबारही दिसला आणि छपाईही झाली. दोष प्रोफाइलकडचा होता, एवढे ठरले. मग मी बाहेर आलो, पुन्हा त्याच चौकटीत गेलो आणि या खेपेस फक्त वापरकर्त्याने घातलेली सर्व एक्स्टेन्शन बंद ठेवण्याच्या खुणेवर टिचकी मारून बदल लागू केले. छपाई झाली. मेनूही चटकन उघडला. टूलबार मात्र गायबच राहिला. त्या क्षणी लक्षात आले की ज्याला मी एक आजार समजत होतो ते दोन होते. टूलबारचे रहस्य तर फारच मामुली निघाले: ‘व्ह्यू’ मेनूत टूलबारांची यादी असते आणि त्या यादीत ‘फॉरमॅटिंग’ या नावापुढची खूण निघालेली होती. घरात संगणक एक आणि वापरणारे तिघे. कोणाच्या हातून ती निघाली हे मी विचारले नाही, कारण माझ्याच हातून निघाली असण्याची शक्यता मला नाकारता आली नसती.

छपाईचा गुन्हेगार शोधायला आणखी वीस मिनिटे गेली. माझ्याकडे चार एक्स्टेन्शन होती. ‘टूल्स’ मेनूतल्या एक्स्टेन्शनच्या यादीत जाऊन मी त्यांपैकी एक सुरू केले, प्रोग्रॅम बंद करून उघडला, छपाईची आज्ञा दिली. मग दुसरे, मग तिसरे. तिसऱ्याने पूर्वीसारखेच लोळण घेतले. ते मी फार जुन्या आवृत्तीच्या काळात घातले होते, त्यानंतर त्याच्या कर्त्याने त्यात काही सुधारणा केलेली नव्हती आणि मीही ते कित्येक महिन्यांत वापरले नव्हते. इथे सेफ मोडबद्दल माझी पहिली तक्रार येते. ही सोय एक्स्टेन्शन एकतर सगळी बंद करते किंवा सगळी काढून टाकते. नावांची यादी दाखवून त्यांतले एकेक निवडू देण्याची तरतूद तिच्या चौकटीत नाही. ज्याच्याकडे चार एक्स्टेन्शन आहेत त्याला वीस मिनिटे पुरतात, ज्याच्याकडे पंधरा आहेत त्याची दुपार जाते. एक्स्टेन्शनची नावे त्याच चौकटीत दाखवली असती, तर हे काम निम्म्याने हलके झाले असते.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. मूळ स्थितीला नेण्याच्या भागात दोन पर्याय एकाखाली एक आहेत: पहिला सेटिंग आणि पडद्याच्या मांडणीतले फेरफार रद्द करतो, दुसरा संपूर्ण प्रोफाइल नव्याने तयार करतो. शब्दांत फारसे अंतर वाटत नाही. परिणामांत मात्र जमीन-अस्मानाचे आहे. पहिल्याने फार तर बटणांची जागा आणि निवडी बदलतील. दुसऱ्याने आपण वर्षानुवर्षे भरलेला वैयक्तिक शब्दकोश, आपोआप दुरुस्त होणाऱ्या शब्दांच्या जोड्या, प्रोफाइलमध्ये ठेवलेली नमुनापत्रे आणि स्वतः लिहिलेले मॅक्रो (ठरावीक कामे आपोआप करणाऱ्या आज्ञांच्या मालिका) जातात, कारण हे सगळे त्याच ‘युजर’ फोल्डरात राहत असते. काही वर्षांपूर्वी मी हा दुसरा पर्याय उत्साहाच्या भरात निवडला होता. प्रोग्रॅम लख्ख होऊन उघडला, आणि पहिल्याच पानावर माझे स्वतःचे आडनाव लाल नागमोडी रेषेवर उभे होते. त्या शब्दकोशात किती शब्द जमले होते हे मला कधीच मोजता आले नाही. पुढचे कित्येक आठवडे ते एकेक करून परत शिकवावे लागले, एवढे खरे. चूक माझी होती. तरीही ज्या बटणामागे परत येण्याची वाट नाही, त्याच्या शेजारी काय काय जाईल याची साध्या शब्दांतली यादी हवी, असे मी म्हणेन.

हा तोटा टाळण्याचे साधन त्याच चौकटीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ या घडीत दडलेले आहे. ती घडी उघडली की दोन बटणे दिसतात: एक प्रोफाइलचे फोल्डर उघडून दाखवते आणि दुसरे सगळ्या प्रोफाइलची झिप फाइल करून देते. कोणताही उपाय निवडण्याआधी ही झिप करून ठेवावी. मी तर आता एक पाऊल मागे जातो: प्रोग्रॅम बंद करून ‘युजर’ फोल्डराचे नाव ‘युजर-जुने’ असे बदलतो. पुढच्या वेळी उघडताना लिब्रेऑफिसला आपले प्रोफाइल सापडत नाही, म्हणून ते नवे तयार करते. दुखणे गेले तर जुन्या फोल्डरातून शब्दकोशाची आणि नमुनापत्रांची तेवढी फोल्डरे नव्यात आणून ठेवता येतात, आणि नाही गेले तर नाव पूर्ववत करून आपण जिथे होतो तिथे परत जाता येते. चौकटीतल्या सर्वांत कठोर पर्यायाचे हे सौम्य रूप आहे आणि ते चौकटीबाहेर, साध्या फाइल व्यवस्थापकात, अर्ध्या मिनिटात होते.

हार्डवेअरची मदत थांबवण्याचा पर्याय मला स्वतःला एकदाच कामी आला, पण ज्यांच्या पडद्यावर पान काळे पडते, अक्षरांचे तुकडे मागे राहतात किंवा खाली सरकताना मजकूर एकावर एक चढतो, त्यांनी सर्वांत आधी याच खुणेकडे वळावे. २०२० च्या ऑगस्टमध्ये आलेल्या ७.० आवृत्तीपासून विंडोजवर पडदा रंगवण्याचे काम ‘स्किआ’ नावाच्या तयार सॉफ्टवेअर-संचाकडे आहे आणि तो ग्राफिक्स कार्ड चालवणाऱ्या ड्रायव्हर या सॉफ्टवेअरवर अवलंबून राहू शकतो. ड्रायव्हर जुना किंवा सदोष असला की दोष दिसतो मात्र रायटरच्या पानावर. सेफ मोडमध्ये पडदा स्वच्छ दिसला, तर नेहमीच्या प्रोग्रॅममध्ये ‘ऑप्शन्स’मधल्या ‘व्ह्यू’ पानावर जाऊन स्किआला केवळ सॉफ्टवेअरच्या बळावर काम करायला लावावे आणि सवडीने ड्रायव्हर अद्ययावत करावा. पत्रे आणि हिशेब लिहिणाऱ्याला या बदलाने वेगात पडणारा फरक सहसा जाणवतही नाही.

सेफ मोडची मर्यादा फायलीच्या दारापाशी सुरू होते. घरी भेडसावणाऱ्या अडचणींपैकी बऱ्याच प्रोफाइलच्या नसून एकेका फायलीच्या असतात, आणि त्यांच्याबद्दल ही चौकट काहीच बोलत नाही. क्रॅशनंतर फाइल उघडताना ‘ही फाइल खुद्द तुम्हीच दुसऱ्या संगणकावर उघडली आहे’ अशा आशयाचा निरोप येतो, तो वाचून माझ्या धाकट्या बहिणीने मला ‘दादा, माझ्या नावाने आणखी कोणी बसलंय का?’ असे घाबरून विचारले होते. कोणी बसलेले नसते. फाइल उघडताना लिब्रेऑफिस तिच्या शेजारी एक छोटी, सहसा लपलेली कुलूप-फाइल ठेवते. तिच्या नावात सुरुवातीला टिंब आणि नागमोडी चिन्ह, मग ‘लॉक’ आणि मूळ फायलीचे नाव, शेवटी हॅशची खूण असते, आणि आत वापरणाऱ्याचे नाव, संगणकाचे नाव व वेळ लिहिलेली असते. प्रोग्रॅम रीतसर बंद झाला की ती पुसली जाते, कोसळला की मागे राहते. फाइल खरोखर दुसरीकडे उघडी नाही याची खात्री करून ती कुलूप-फाइल काढली की निरोप येणे थांबते. वर्डही असेच करतो. त्याच्या कुलूप-फायलीचे नाव नागमोडी चिन्ह आणि डॉलरच्या खुणेने सुरू होते.

फाइल उघडायला अर्धा-एक मिनिट लागत असेल आणि नवी कोरी फाइल मात्र लगेच उघडत असेल, तर संशय प्रिंटरवर घ्यावा. लिब्रेऑफिस कागदपत्रासोबत प्रिंटरची सेटिंगही साठवते, आणि ‘ऑप्शन्स’मधल्या ‘लोड/सेव्ह’च्या सर्वसाधारण पानावर ती सेटिंग कागदपत्रासोबत उघडण्याची खूण लागलेली असेल, तर कार्यालयातून घरी आणलेली फाइल कार्यालयातला प्रिंटर शोधत बसू शकते. ती खूण काढली की फाइल घरच्या मुख्य प्रिंटरवर समाधान मानते. वर्डमध्येही विंडोजचा मुख्य प्रिंटर बंद पडलेला नेटवर्क प्रिंटर असेल तर अशीच रखडपट्टी होते. मुख्य प्रिंटर म्हणून तात्पुरता पीडीएफचा प्रिंटर निवडून पाहणे ही तिथली सोपी चाचणी आहे.

फाइलच मोडली असेल तर आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. रायटरची नेहमीची ओडीटी फाइल म्हणजे मुळात एक झिप फाइल आहे. प्रत काढून तिच्या नावाचा शेवट बदलून झिप केला, की आत ‘कंटेंट’ आणि ‘स्टाइल्स’ नावाच्या एक्सएमएल फायली दिसतात. मुख्य मजकूर ‘कंटेंट’मध्ये असतो. मांडणी गेली तरी शब्द हाती लागतात. हा प्रकार सर्वांना उघडून पाहता येतो, कारण ओडीटी ज्या कुळातली आहे ते ओडीएफ हे स्वरूप २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. वर्डच्या डॉकएक्स फायलीचीही आतली रचना झिपचीच आहे, तेव्हा ही युक्ती तिथेही चालते.

देवनागरीत लिहिणाऱ्यांच्या वाट्याला येणारी एक खोड मी जाणूनबुजून वेगळी ठेवली, कारण ती बिघाड नसून बिघाडासारखी दिसणारी रचना आहे. रोमन अक्षरांचा फॉन्ट बदलतो आणि देवनागरीचा बदलत नाही, किंवा शैलीत ठरवलेला आकार फक्त इंग्रजी शब्दांना लागू होतो, अशी तक्रार घेऊन लोक प्रोफाइल पुसायला निघतात. लिब्रेऑफिस पाश्चात्त्य लिप्या, पूर्व आशियाई लिप्या आणि देवनागरी, अरबी यांसारख्या संयुक्त रचनेच्या लिप्या यांचे फॉन्ट, आकार आणि भाषा वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवते. भाषेच्या सेटिंगमध्ये तिसरा कप्पा सुरू करून त्यात मराठी निवडली आणि शैलीच्या चौकटीत त्या कप्प्याचा फॉन्ट व आकार स्वतंत्रपणे ठरवला, की ही तक्रार संपते. प्रोफाइल पुसल्यावर हे कप्पे पुन्हा मूळ निवडीकडे जातात, म्हणजे उपायानेच दुखणे परत येते. जोडाक्षरे मोडून दिसत असतील तर गोष्ट वेगळी. सर्व संगणकप्रणालींवर अक्षरजुळणीचे काम ‘हार्फबझ’ या एकाच यंत्रणेकडे ५.३ याच आवृत्तीत सोपवले गेले, तेव्हा त्यानंतरच्या आवृत्तीत मोडलेले जोडाक्षर दिसले तर पहिला संशय फॉन्टवर घ्यावा.

तुलना मायक्रोसॉफ्ट ऑफिसशी करायला हवी, कारण बहुतेकांच्या घरी दोन्हींपैकी एक असतेच. तिथेही सेफ मोड आहे: कंट्रोलचे बटण दाबून धरून वर्ड किंवा एक्सेलचे चिन्ह उघडले की प्रोग्रॅम सुरक्षित पद्धतीने सुरू करायचा का, असे विचारले जाते. प्रवेश याहून सोपा असूच शकत नाही, आणि या एका मुद्द्यावर मी त्याला लिब्रेऑफिसपेक्षा जास्त गुण देईन. अ‍ॅड-इन, म्हणजे तिथली एक्स्टेन्शन, एकेक करून बंद करण्याची यादीही तिथे नीट आहे. शिवाय विंडोजच्या सेटिंगमधून ऑफिसची दुरुस्ती दोन प्रकारे करता येते: झटपट दुरुस्ती इंटरनेटशिवाय होते, ऑनलाइन दुरुस्ती जवळजवळ नव्याने इन्स्टॉल करण्यासारखी आहे. पण तिथे उपायांची एकत्र चौकट नाही. वर्डच्या सवयी ‘नॉर्मल’ नावाच्या नमुनापत्रात आणि विंडोजच्या रजिस्ट्री नावाच्या सेटिंगसाठ्यात विखुरलेल्या असतात, त्यामुळे दुरुस्ती चालवूनही जुनी खोड टिकून राहू शकते. अशा वेळी ‘नॉर्मल’चे नाव बदलून वर्डला नवे तयार करू देणे हा उपाय स्वतः शोधून काढावा लागतो. एक्सेलमधली मला सर्वांत फसवी वाटणारी गोष्ट तर कोणत्याच दुरुस्तीने जात नाही. बेरीज बदलत नाही म्हणून माणूस सूत्रे तपासत बसतो, आणि खरे कारण असे असते की एक्सेल सुरू केल्यावर पहिल्यांदा उघडलेली वही, म्हणजे एक्सेलची फाइल, हाताने हिशेब करण्याच्या सेटिंगसह साठवलेली होती. एक्सेल हे सेटिंग पहिल्या वहीकडून घेतो आणि नंतर उघडलेल्या सगळ्यांना लावतो. ‘फॉर्म्युलाज’ मेनूत जाऊन हिशेब आपोआप करण्याची निवड केली की सगळे आकडे एकदम हलतात. लिब्रेऑफिसच्या कॅल्क या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये हीच खूण ‘डेटा’ मेनूत आहे.

या सगळ्यापेक्षा स्वस्त असा एक बंदोबस्त आहे, आणि तो सेफ मोडची गरज पडण्याआधीच करायचा असतो. ‘लोड/सेव्ह’च्या त्याच पानावर ठरावीक मिनिटांनी पुनर्प्राप्तीची माहिती साठवण्याची आणि प्रत्येक वेळी आधीची प्रत राखून ठेवण्याची अशा दोन खुणा आहेत. २४.२ आवृत्तीपासून त्या मुळातच लावलेल्या येतात. पण जुने प्रोफाइल घेऊन पुढे आलेल्यांनी एकदा स्वतः पाहून घ्यावे. मध्यंतर मूळचे दहा मिनिटांचे आहे. मी ते तीनवर आणले आहे. मोठ्या फायलींत त्याने क्षणभर अडखळल्यासारखे होते, ते मी सोसतो.

एकंदर गुणांकन विचाराल तर निदानाचे साधन म्हणून मी सेफ मोडला पाचांपैकी साडेचार गुण देईन आणि उपचाराचे साधन म्हणून तीन. त्याची झिप फाइल करण्याची सोय आणखी एका कामाला येते: दोष खरोखर प्रोग्रॅमचा असेल आणि तो लिब्रेऑफिसमागच्या द डॉक्युमेंट फाउंडेशन या संस्थेच्या बगझिला या दोषांच्या नोंदवहीत कळवायचा असेल, तर विकासकांना तीच झिप पुष्कळ सांगते. मात्र त्या प्रोफाइलमध्ये अलीकडच्या फायलींची नावे, ‘युजर डेटा’त भरलेले आपले नाव-पत्ता आणि तो सगळा शब्दकोशही असतो, आणि बगझिलावर जोडलेली फाइल कोणालाही उघडता येते; म्हणून मी तिसऱ्या एक्स्टेन्शनबद्दल त्याच्या कर्त्याला कळवले तेव्हा झिप न जोडता आवृत्तीचा क्रमांक आणि छपाईच्या वेळी नेमके काय घडते, एवढेच लिहून पाठवले.